सात नंबरच्या माणसाशी भांडण

माझा आवाज मोठा आहे. लहानपणी घरात, मग शाळेत, मग सासरी आणि दुबईला आल्यावर सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात, सगळ्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: जरा हळू बोल. आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहणारा इंग्रज म्हातारा हा पहिला माणूस, ज्याने लिफ्टमध्ये माझं फोनवरचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मी फोन ठेवल्यावर विचारलं, "कॅन यू डू दॅट ऑन वॉटर?"

म्हातारा रोइंगचा कोच होता. निवृत्त होऊन मुलीकडे दुबईला राहायला आला तो स्वतःची बोट घेऊनच. समुद्रात चालणारी, फायबरची. तिच्यात चार जण वल्हवतात, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही आणि चौघांचीही पाठ जायच्या दिशेकडे. आपण कुठे चाललोय हे त्यांना दिसतच नाही. ते फक्त पाचव्याला दिसतं. तो बोटीच्या मागच्या टोकाला, चौघांकडे तोंड करून बसतो, सुकाणूच्या दोऱ्या धरतो आणि ओरडतो. मला तर पटेचना. ओरडण्याचं काम! तेही कुणीतरी बोलावून देतंय! मी इतकी खूश झाले की त्याला तिथल्या तिथे साबुदाण्याच्या खिचडीचं आमंत्रण देऊन टाकलं.

मी एकटीने काही नवीन शिकावं हे माझ्या नवऱ्याला सहन होत नाही, म्हणून तोही आला. माझ्या ऑफिसातला एक नागपूरकर आला, महाराष्ट्र मंडळातल्या एक डेंटिस्ट बाई आल्या आणि नवऱ्याच्या साइटवर काम करणारा, अल क्वोजला राहणारा मालवणचा वेल्डर आला. झाली चौकडी. सुट्टीच्या दिवशी पहाटे देराच्या पुढे जिथे खाडी रुंद होते तिथे आम्ही बोट पाण्यात घालायचो. लाकडी धाऊ बोटी माल भरत उभ्या असायच्या, त्यांच्यावरची माणसं चहा पिता पिता आमच्याकडे बघून हात करायची, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडायची. दोन हिवाळ्यांत माझा नवरा चौघांतला सगळ्यात जोरकस वल्हवणारा झाला. त्याच्या तळहातांना घट्टे पडले. पुण्याहून फोन आला की आधी घट्ट्यांचं सांगायचा, मग तब्येतीचं.

मग गेल्या उन्हाळ्यात त्याच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली, सगळं नीट झालं, घरी आला. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, ऑफिसला जा, फक्त जोर लावून वल्हवणं आता बंद. ह्या पठ्ठ्याने सगळंच बंद केलं. खाडीवर येणं नाही, बोटीचं नाव नाही. ऑफिसातून घरी येताना पूर्वी खाडी दिसेल असा रस्ता धरायचा, तो सोडून हायवेने यायला लागला. मी पहाटे उठून निघाले की हा जागा असायचा, पण भिंतीकडे तोंड करून पडायचा. हळूहळू त्याचे घट्टे गेले. एकदा त्याच्या हातात वाटी देताना त्याचा तळहात मला लागला, मऊ. हार्टचं मला भय नव्हतं, त्याला डॉक्टर होते. हा माणूस उरलेलं आयुष्य असाच भिंतीकडे तोंड करून काढणार का, याचं मला भय होतं. त्याला परत पाण्यावर आणायचंच, हे मी तेव्हाच ठरवलं. कसं, ते माहीत नव्हतं.

त्या दिवसांत कोच नवऱ्याच्या जागी बसून सरावापुरता वल्हवायचा. गुडघा दुखायचा त्याचा, शर्यतीत बसणं त्याला शक्य नव्हतं, आणि डिसेंबरात हौशी लोकांची शर्यत होती. सराव झाला की तो आमच्याकडे खिचडी खायला यायचा आणि एकदा खाता खाता त्याने त्याच्या आजोबांची गोष्ट काढली.

आजोबा ऑलिंपिकमध्ये वल्हवलेले! मी चमचा खाली ठेवला. कोचने फोनमध्ये जपलेला जुना फोटो दाखवला. आठ दांडगे तरुण हाताची घडी घालून उभे, आणि पायाशी बसलेला नववा, माझ्यासारखा चिमुकला, ओरडणारा. कोचने एका चेहऱ्यावर बोट ठेवलं. सात नंबरच्या जागेवर बसायचा हा. गाव नदीकाठचं, बाप दोरखंड वळणारा. हा पोरगा सकाळी लोकांना नावेतून पलीकडे सोडायचा, दिवसभर धान्याच्या पेढीवर कारकुनी करायचा आणि संध्याकाळी क्लबात जाऊन अंधार पडेपर्यंत वल्हवायचा. त्या काळातले त्यांचे ट्रेनर म्हणे पाणी कमी प्या म्हणायचे, आणि मांस भरपूर खा. "आणि बिअर," कोच म्हणाला. "बिअर चालायची." माझा नवरा सोफ्यावर पाठ करून क्रिकेट बघत होता. बिअर म्हटल्यावर त्याची मान थोडी वळली, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

अंतिम शर्यत कोचने आमच्या डायनिंग टेबलावर करून दाखवली. मिठाची बाटली ही आजोबांची बोट, लोणच्याची बरणी ही पुढची. समोरून वारा, पाणी खळबळलेलं. अर्ध्या वाटेपर्यंत बरणी पुढे. मग मागच्या टोकाला बसलेला तो चिमुकला उठल्यासारखा पुढे वाकला आणि त्याने आठही जणांना त्यांच्या आयांच्या नावाने हाका मारायला सुरुवात केली! बाटली सरकायला लागली. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. माझी सोळा वर्षांची मुलगी हेडफोन काढून, "वेट, डू दे विन?" म्हणत आली. बाटली बरणीच्या बरोबरीला आली आणि शेवटी बरणीचं नाक तेवढं पुढे राहिलं. रौप्यपदक. सात नंबरचा माणूस वल्ह्यावर ओणवा पडला आणि म्हणे तिथेच हसत सुटला. हरल्यावर हसत होता! सोमवारी पेढीवर गेला तेव्हा मालक स्वतः खुर्चीवरून उठला.

"सिल्व्हर इज स्टिल सिल्व्हर," सोफ्यावरून आवाज आला. क्रिकेटचा आवाज कधीचा बंद होता. मी मनातल्या मनात उडी मारली. गळ लागला होता.

आता दसऱ्याचं सांगते. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची, अवजारांची पूजा. ऑफिसात लोक लॅपटॉपला कुंकू लावतात. मग आमचं अवजार काय? वल्ही! मी मीना बाजारच्या गल्लीतून झेंडूची फुलं आणली, डेंटिस्ट बाईंनी माळा केल्या, खाडीकाठच्या शेडमध्ये आठ वल्ही मांडली, हळदकुंकू वाहिलं. कोचच्या कपाळावर टिळा लावला, तो आनंदाने गुलाबी झाला. आणि नवऱ्याला मी म्हटलं, पाण्यावर येऊ नकोस बाबा, पण घरातला कर्ता पुरुष म्हणून नारळ तरी फोडायला ये. पूजेला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही. आला. कित्येक महिन्यांनी खाडीवर आला, पण उभा राहिला पाण्याकडे पाठ करून.

नारळ हातात घेऊन त्याने इकडेतिकडे बघितलं. खाली वाळू आणि रबराची मॅट, दगड कुठेच नाही. "कुठे फोडू?"

वेल्डर म्हणाला, "नाळीवर फोडा मां साहेबानू, आमच्याकडे थंयच फोडतत." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. मालवणातली होडी लाकडाची, चांगली जाडजूड. हे त्याच्या लक्षात आलं नाही, आमच्याही नाही. साइटवर मोठमोठ्या इमारती उभ्या करणाऱ्या माझ्या इंजिनिअर नवऱ्याच्याही नाही. तो "गणपती बाप्पा" म्हणाला, आम्ही "मोरया" म्हटलं, आणि त्याने उन्हाळ्यापासून साठलेला सगळा राग एकवटून नारळ हाणला.

नारळ शाबूत राहिला. बोट फुटली.

चांगला कडाक्कन आवाज झाला. टोकाच्या बाजूला हात जाईल एवढं भोक, आणि त्याच्यातून आतली पोकळी दिसायला लागली. नागपूरकराने पुटपुटून "खलास" म्हटलं. कोच जवळ आला, भोकात डोकावला, माझ्या नवऱ्याच्या हातातल्या नारळाकडे बघितलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "इज दॅट पार्ट ऑफ द सेरेमनी?"

मला हसू फुटलं. आवरेचना. मग डेंटिस्ट बाई हसल्या, वेल्डर तोंड लपवून हसला, कोच तर खाली बसला हसत. फक्त माझा नवरा पांढराफटक पडला होता. "मी दुरुस्त करून देतो," तो म्हणाला. "हबीबी, इट्स ओके," कोच म्हणाला. "नो. मी देणार."

आणि काय सांगू, मला त्या नारळाचे पाय धरावेसे वाटले! दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने अर्धी रजा टाकली, पिकअप ठरवला आणि वेल्डरला घेऊन बोट अल क्वोजला नेली. तिथे पाण्याच्या टाक्या करणारं एक फायबरचं वर्कशॉप वेल्डरच्या ओळखीचं होतं. तिथला पठाण कारागीर म्हणाला, ठेवून जा, दो हफ्ते बाद आना. हा कसला ठेवून जातोय! रोज संध्याकाळी साइटवरून थेट तिकडे. फायबरच्या चादरीचे थर कसे बसतात, रेझिन किती वेळात घट्ट होतं, सगळं त्याने विचारून घेतलं. शेवटी पठाणाने वैतागून सँडपेपर त्याच्याच हातात दिला. घरी यायचा तो पांढऱ्या भुकटीने माखलेला. मुलगी नाक दाबायची. "बाबा, यू स्मेल लाइक नेल पॉलिश." हा हसायचा. महिनोन्महिने न दिसलेलं हसू!

मला वाटलं, जिंकलो आपण. बोट शेडमध्ये परत आली तेव्हा हात फिरवून सांगता येणार नाही भोक कुठे होतं इतकी सुरेख झाली होती. मी म्हटलं, "चल, पाण्यात घालून बघू. नुसता बस, हात लावू नकोस." त्याने हात पुसले. "बोट दिली दुरुस्त करून. माझं काम खलास." आणि गाडीत जाऊन बसला. परत जाताना हायवे.

मी इतकी चिडले की घरी जाऊन भांडी आपटली. हातात उरला होता एकच धागा: सात नंबरचा माणूस. त्याची गोष्ट मी जेवताना तुकड्यातुकड्याने सांगायची. नवरा ऐकत नसल्याचं दाखवायचा आणि मी थांबले की भाजी वाढून घेण्याच्या निमित्ताने म्हणायचा, "मग?" पदकानंतर लग्न झालं, दोन मुली झाल्या. मग पहिलं महायुद्ध आलं, तो खंदकात गेला, आणि विषारी वायू त्याच्या छातीत गेला. जगला. पण जिना चढला तरी धाप लागायची. वल्हवणं संपलं. इथवर गोष्ट आली होती. छातीचं ऐकल्यावर नवऱ्याने ताटातून मान वर केली नव्हती आणि "मग?" सुद्धा म्हटलं नव्हतं.

माझी खात्री होती पुढे काय असणार त्याची. छाती गेली म्हणून काय झालं, हा माणूस परत नदीवर गेला असणार, पोरांना शिकवलं असणार, सुकाणू धरलं असणार. नातू उगाच का कोच झाला! ते ऐकवलं की झालं माझं काम. मी धावतच चौथ्या मजल्यावर गेले आणि कोचला विचारलं, "मग पुढे? परत नदीवर कधी गेले ते?"

"नेव्हर," कोच म्हणाला.

नदीच्या वळणावरच घर होतं त्यांचं. पुढची चाळीस वर्षं त्यांनी त्याच घरात काढली. क्लबवाले दरवर्षी मानाने बोलवायला यायचे, आजोबा पडदा ओढून घ्यायचे. घरात बोटीचा विषय बंद. कोच लहानपणी चोरून वल्हवायला शिकला. एकदा जेवायला बसताना आजोबांनी त्याचा हात धरला, उलटा केला आणि तळहातावरच्या फोडांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. मग एक शब्द न बोलता उठून गेले. "त्यांनी काहीतरी म्हणायला हवं होतं," कोच म्हणाला. "काहीही. रागावले असते तरी चाललं असतं."

मी जिन्यात येऊन बसले. हे काय घेऊन घरी जाऊ? खोटं सांगायचं जिभेवर आलं होतं. कुणाला कळणार होतं? पण खोटं मला पचत नाही, आणि माझा नवरा माझ्या आवाजावरून ओळखतो. जेवताना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. पडदा, चाळीस वर्षं, अंगठा.

नवऱ्याने घास खाली ठेवला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि मग हा माणूस, शंभर वर्षांपूर्वीच्या त्या परक्या माणसाशी, आमच्या डायनिंग टेबलावर भांडायला लागला.

"चाळीस वर्षं? खिडकीत नदी आणि हा पडदा ओढून बसला? अरे, छाती गेली होती, डोळे तर होते ना! डोकं होतं! ऑलिंपिकमध्ये सात नंबरला बसलेला माणूस तू, तुला जे ठाऊक होतं ते कुणाला ठाऊक होतं? पोरांना सांगायचंस! आणि तो नातू हात पुढे करून बसलाय, त्याला एक शब्द? एक? अरे, वल्हवता येत नव्हतं तर निदान सुकाणू तरी धरायचं होतंस, मूर्ख माणसा!"

मुलगी आधी त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड घट्ट मिटून बसले होते. नवऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "हू आर यू शाउटिंग ॲट?"

तो उठला, हात धुतले, बराच वेळ धुतले. मग बेसिनपाशीच उभं राहून म्हणाला, "मी सुकाणू धरलं तर तू कुठे बसशील?"

"तुझ्या जागेवर," मी ओरडले. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असणार.

त्याने आधी डॉक्टरांना विचारलं, तो तसा शहाणा आहे. डॉक्टर म्हणाले, बसून ओरडायला माझी काहीच हरकत नाही, घरी करताच असाल. आणि मग सुरू झाली माझी परीक्षा. दोन हिवाळे मी दुसऱ्यांना "ओढा, ओढा" म्हणत होते, ओढणं म्हणजे काय ते मला आता कळलं. पाय थरथरायचे, पाठ बोंबलायची, वल्ही एकमेकांत अडकायची. नवरा समोर बसून माझ्याकडून लग्नाच्या एकूणएक वर्षांचं उट्टं काढत होता. कोच काठावरून "ब्यूटिफुल!" म्हणायचा आणि वेल्डर मागून समजूत घालायचा, "वैनीनू, वाईच सबुरीन." माझ्या तळहातांना फोड आले, फुटले, परत आले. मी ते लपवून ठेवायची. नाहीतर हा म्हणाला असता, पुरे झालं, उतर.

शर्यतीच्या दिवशी खाडीवर गार वारा होता आणि समोरून येत होता. मिठाच्या बाटलीला होता तसाच! शेजारच्या बोटीत कुठल्याशा बँकेतले उंच उंच गोरे तरुण. शिटी झाली आणि आम्ही निघालो. पहिल्या काही वल्ह्यांत काय झालं मला आठवत नाही. नवरा सुरुवातीला कोचने शिकवलेलं इंग्रजी बोलत होता, "लाँग, लाँग," वगैरे. मग अर्ध्या वाटेवर एकदम गप्प झाला. मी वर बघितलं.

तो आमच्या डोक्यांवरून पुढे बघत होता. दोन हिवाळे ह्या खाडीत वल्हवून त्याने फक्त मागे गेलेलं पाणी पाहिलं होतं. पुढचं सगळं आता त्याच्या समोर होतं: नारिंगी बोये, काठावरची गर्दी, पूल, ऊन. त्याचे डोळे भरले होते आणि तोंड उघडं होतं.

"दिसतंय!" तो ओरडला. "दिसतंय गं मला! अगं, जवळ आलंय! ओढा! यल्ला, ओढा रे! डॉक्टरबाई, आईची शपथ! नागपूर, जोर लाव! मालवण, शाब्बास! बँकेला मागे टाकतोय आपण, मी सांगतो ना, तुम्हाला दिसत नाहीये, मला दिसतंय, टाकतोय!" त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. एवढी वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे. मी रडत होते आणि ओढत होते, आणि बँकवाले खरोखरच माझ्या डाव्या हाताला मागे मागे सरकताना मला दिसले.

आम्ही चौथे आलो. सहा बोटी होत्या. काठावर कोच हातातली टोपी उडवून नाचत होता, मुलगी "दॅट्स माय मॉम!" करत पाण्यात गुडघ्यापर्यंत आली होती. बोट वाळूला लागली. मी उतरायला हात पुढे केला आणि नवऱ्याने तो धरला. मग उलटा केला. फोडांवरून त्याचा अंगठा फिरला, एकदा, पुन्हा एकदा. काठावर कोच नाचायचा थांबला. त्याचं सगळं लक्ष आमच्या हातांकडे होतं.

"मूठ एवढी घट्ट आवळतात का?" नवरा म्हणाला. "किती वेळा सांगितलं, बोटांनी धर, तळव्याने नाही. आणि हे कधीपासून आहे? मला का नाही सांगितलंस? घरी चल, हळद लावतो. उद्यापासून मी शिकवणार तुला, ऐकायचं माझं." तो बोलतच राहिला, गाडीपर्यंत बोलत राहिला, गाडीत बोलत राहिला. आम्ही खाडीच्या रस्त्याने घरी आलो.